पिलूचा अर्ज

वैजनाथराव टाकळकर ज्या कचेरीत बसत तिचं नाव इथं नको. त्यांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते, आणि सरळ चाललेल्या माणसाच्या पायात शेवटी शेवटी पाय घालणारे लोक प्रत्येक कचेरीत असतात. एवढं कळलं तरी पुरे की कचेरी छत्रपती संभाजीनगरातच आहे, जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या फरशा बसवूनही लोक थुंकायचे थांबलेले नाहीत, आणि दुसऱ्या मजल्यावर डाव्या हाताला जे टेबल आहे तिथं लहान मुलांना कामाला लावण्याबद्दलचे कागद येतात. वीटभट्टीवरचं पोर, हॉटेलात कपबश्या विसळणारं पोर, आणि वर्षाकाठी एखादं सिनेमावाल्यांचं पत्र: दौलताबादच्या किल्ल्यात शूटिंग आहे, दोन मुलं लागतात, परवानगी मिळावी.

त्या टेबलाचे नियम वैजनाथरावांना तोंडपाठ होते. कुणी विचारलं की ते मान वर न करता सांगत. सिनेमात, मालिकेत, जाहिरातीत मूल घ्यायचं तर आधी जिल्ह्याची परवानगी. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, सलग तीन तासांच्या वर नाही. मिळकतीतला निदान पाचवा हिस्सा मुलाच्या नावानं बँकेत. आईबापाची लेखी संमती, आणि मुलाची जबाबदारी घेणाऱ्या एका माणसाचं नाव. सांगून झालं की पुन्हा समोरचा कागद. कागद वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलेलं एकतीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. नवी पोरं पाठीमागं त्यांना मख्खनाथ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचंही त्यांना काही वाटत नव्हतं.

एक गोष्ट मात्र ते अभिमानानं सांगत. कागद हातात आला की तो लगेच आवकच्या वहीत चढवायचा नाही. आधी एक फोन करायचा. ज्याच्याबद्दल कागद असेल त्याला म्हणायचं, "अहो, तुमच्या नावानं एक कागद आलाय, या जरा चहाला." माणूस येई, चहा पिई, हात जोडी आणि कागद घेऊन जाई. वहीत चढलेला कागद मारता येत नाही, असं ते नव्या पोरांना बजावत. एकदा नंबर पडला की तो वर जातो, खाली येतो, माणसाला खेटे घालायला लावतो. त्यापेक्षा एक फोन बरा. त्यांची बायको सरोजिनी म्हणायची, "तुम्ही कारकून नाहीच, मध्यस्थ आहात." त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे त्यांनी कधी तपासलं नाही. आता तपासायला ती नव्हती. चार वर्षांपूर्वी, दिवाळीला आठ दिवस असताना गेली.

ती गेल्यावर घरात आवाज उरला तो फोनचा. मुलगा अमेय पुण्याला, त्याचा रविवारी फोन. बाकीचे सहा दिवस वैजनाथराव डब्यातली पोळीभाजी ताटात काढून घेत, पाण्याच्या तांब्याला टेकवून फोन उभा करत आणि 'आमची पिलू, पुंडलिकनगर' लावत.

पिलू म्हणजे प्रेरणा. बाप शिवराज, आई सोनिया. मूळचे देवगाव रंगारीचे, घरची शेती, शिवराज वाळूजच्या कंपनीत कामाला. चॅनल चालायला लागलं तशी त्यानं कंपनी सोडली. पिलू तीन वर्षांची होती तेव्हापासून तिचं सगळं लोकांनी पाहिलेलं. शाळेचा पहिला दिवस, पडलेला पहिला दात, कांजिण्या, गणितात मिळालेले अठरा मार्क, गावाकडं बन्सीआजोबांच्या बैलांना भिऊन ती चिखलात पडली ते. रोज एक व्हिडिओ, आणि दर शुक्रवारी 'पिलूच्या दप्तरात काय?' वैजनाथरावांना तिच्या बाईंचं नाव माहीत होतं, तिला भेंडी आवडत नाही हे माहीत होतं. स्वतःच्या नातवाला कुठली भाजी आवडत नाही, हे विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. एकदा पुंडलिकनगरकडं काही कामानं गेले असताना त्यांनी मुद्दाम वाट वाकडी करून त्या घराचं फाटक पाहिलं होतं. व्हिडिओत दिसे त्यापेक्षा ते लहान निघालं, आणि त्यांचा जरासा हिरमोड झाला होता.

आणखी एक. पिलूचं एक स्टिकर होतं, ते मराठी बोलणाऱ्या कुणाच्या फोनात नसेल तरच नवल. सहा वर्षांची पोरगी, पाठीला दप्तर, गळ्यात लाल बाटली, आणि खाली लिहिलेलं: 'जाऊ?' कचेरी सुटायची वेळ झाली की गटावर ते स्टिकर टाकायची पद्धत पडली होती. पहिलं स्टिकर बहुधा वैजनाथरावांचंच असे. मख्खनाथाची एवढीच काय ती चेष्टामस्करी.

एका मंगळवारी दुपारी धोंडिबा शिपाई आत येऊन म्हणाला, "साहेब, भाईर एक पोरगी कधीची बसलीय. संगं मोठं कोणी नाय."

"कुणाची?"

"इचारलं, तर म्हणती अर्ज द्यायचाय."

ती आत आली. तेरा वर्षांची, शाळेच्या गणवेशात, पाठीला दप्तर, हातात पाण्याची बाटली. वैजनाथरावांनी मान वर केली आणि एकतीस वर्षांत जे कुणी पाहिलं नव्हतं ते धोंडिबानं पाहिलं. साहेबांचा चेहरा फुलला.

"अगं, पिलू! तू इकडं कुठं?"

तिला नवल वाटलं नाही. पिलू म्हटल्याबरोबर ती ताठ झाली, कपाळावरचे केस तिनं मागं सारले, मान किंचित डावीकडं कलवली आणि हसली. वैजनाथरावांना ते हसू ओळखीचं होतं, रोज जेवताना ते दिसायचं. हसता हसता तिनं त्यांच्या हातांकडं पाहिलं. हातात फोन नव्हता. मग तिनं हसू काढून घेतलं. पंख्याचं बटण बंद करावं इतक्या सहज.

"फोटो काढायचाय का?" तिनं विचारलं.

"नाही गं, नाही."

"मग अर्ज देते."

आखीव कागद, वळणदार अक्षर, समास सोडलेला. डाव्या बाजूला 'प्रति', मध्ये 'विषय'. विषय होता, एक व्हिडिओ काढून टाकण्याबाबत. खाली मजकूर:

'महोदय, मी इयत्ता आठवीत शिकते. मी तीन वर्षांची असल्यापासून व्हिडिओत काम करते. त्यासाठी कुणी परवानगी घेतली होती का, हे मला माहीत नाही. मला बाकी काही नको. मी सहा वर्षांची असतानाचा "पिलूला बोहारीण न्यायला आली" हा एक व्हिडिओ काढून टाकावा, ही नम्र विनंती. सोबत: काही नाही.'

"तुला हे टेबल कुणी सांगितलं?"

"मीच शोधलं. सुरेखा मॅडमनी अर्जलेखन शिकवलं. त्या म्हणल्या, खरा अर्ज दिला की पोहोच घ्यायची, तिच्यावर नंबर असतो."

"मॅडमना माहितेय तू इथं आलीस ते?"

"नाही. पोहोच देता का?"

बोहारणीचा तो व्हिडिओ वैजनाथरावांना पाठ होता. तुला आम्ही बोहारणीकडून घेतलंय, दोन जुन्या साड्या देऊन, हे कुठल्या मराठी घरात पोराला ऐकवलेलं नाही? पोर भोकाड पसरतं, आई पोटाशी घेते, विषय संपतो. शिवराजनं तो संपू दिला नाही. त्यानं खरीच बोहारीण आणली. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेतलेली ती बाई दाराशी उभी राहून म्हणाली, "माझी पोरगी परत द्या. तुमच्या साड्या फाटल्या." सगळ्यांना वाटलं होतं, पोरगी आता रडेल. ती रडली नाही. तिनं आईकडं पाहिलं. सोनियाला हसू आवरेना म्हणून तिनं ओढणीत तोंड लपवलेलं. पोरगी आत गेली. चपला घालून, दप्तर अडकवून, गळ्यात लाल बाटली घालून बाहेर आली. मग खाली बसून तिनं पायातले पैंजण सोडले आणि टीपॉयवर ठेवले, कारण ते आईनं घेतलेले. आणि दारात उभी राहून विचारलं, "जाऊ?"

कोट्यवधी लोकांनी ते पाहिलं. वैजनाथरावांनी सरोजिनीच्या शेजारी बसून पाहिलं होतं. हसता हसता त्यांना ठसका लागला होता. सरोजिनी हसली नव्हती. "बंद करा ते," ती म्हणाली होती. "ती खरंच निघालीय." आणि ते म्हणाले होते, "अगं, गंमत आहे."

आता ते पोरीला समजुतीच्या सुरात म्हणाले, "एवढा गोड तर व्हिडिओ आहे तो. काढायचा कशाला?"

"शाळा सुटली की वर्गातली सगळी म्हणतात. एकदम. 'जाऊ?' म्हणून."

"म्हणू दे की. कंटाळतील आणि गप बसतील."

"दोन वर्षं झाली." तिनं थोडा विचार केला. "आणि मला ते आठवत नाही."

"काय आठवत नाही?"

"त्या दिवशी काय झालं ते. फक्त व्हिडिओ आठवतो. मी मला बाहेरूनच दिसते. तो गेला तर कदाचित खरं आठवेल."

हे तिनं रडत सांगितलं असतं तर वैजनाथरावांना काही सुचलं असतं. रडणाऱ्यांची त्यांना सवय होती. ती पाढे म्हणावेत तशी बोलत होती.

"घरी सांगितलंस का?"

"सांगितलं. पप्पा म्हणले, त्याच्यावरच तर आपलं घर उभंय. मग मी ते सांगत होते त्याचाच त्यांनी व्हिडिओ केला."

वैजनाथरावांनी मनातल्या मनात नमुना भरून पाहिला. निर्माता: शिवराज. पालकाची संमती: शिवराज. मुलाची जबाबदारी घेणारी व्यक्ती: शिवराज. तिन्ही रकान्यांत एकच सही. पाच तासांचा हिशेब कसा लावणार? पोरगी झोपेतून उठते तिथून शूटिंग सुरू. आणि आईबापानं स्वतःच्या घरात पोरीला दाखवणं हे काम की कौतुक, याचा रकाना नमुन्यात नव्हता. तरी कागद वहीत चढवून बालकल्याण समितीकडं पाठवता येत होता. त्याला काही अडचण नव्हती. पेन उघडायचं, नंबर टाकायचा, शिक्का मारायचा.

पण ही काही वीटभट्टी नव्हती. माणसं चांगली. दहा वर्षांची ओळख. ओळख एका बाजूचीच होती, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी अर्ज टेबलाच्या काचेखाली सरकवला, पाण्याचा ग्लास भरून तिच्यापुढं ठेवला, म्हणाले, "बस हं, पाणी पी. शिक्का आतल्या खोलीत आहे." शिक्का खणात होता. ते व्हरांड्यात गेले आणि प्रत्येक व्हिडिओखाली 'जाहिरातीसाठी संपर्क' म्हणून जो नंबर असतो तो लावला.

खरं सांगायचं तर त्या फोनात मध्यस्थी निम्मीच होती. "हां, नमस्कार!" असा शिवराजचा आवाज कानात आला तेव्हा त्यांना सिनेमातला माणूस फोनवर यावा तसं झालं. ते म्हणाले, "मी आपले व्हिडिओ रोज बघतो." पोरीचं त्यांनी नंतर सांगितलं.

शिवराज पंचवीस मिनिटांत आला. घामाघूम, शर्टाची एक बाही दुमडलेली आणि एक सुटलेली.

"साहेब, लई उपकार झाले बघा. दुसऱ्या कुणाच्या हातात हा कागद पडला असता तर आमचं काय झालं असतं?" तो वैजनाथरावांच्या पाया पडायला वाकला. मग पोरीकडं वळला. "पिलू, मला सांगायचं ना गं. आं? बापाला नाय सांगायचं तर कुणाला?"

शिवराज वाईट माणूस नव्हता, पंचाईत तीच होती. त्याचा आवाज खरोखर भरून आला होता, एक हात पोरीच्या डोक्यावर होता. आणि त्याच वेळी त्याचा दुसरा हात आपोआप वर आला, हातात फोन होता, आणि फोनवर लाल ठिपका लागला होता. त्यात डाव नव्हता. बाहेर पडताना माणूस खिशात किल्ली चाचपतो तसं ते झालं होतं.

पोरीनं वैजनाथरावांकडं पाहिलं. राग नव्हता. राग असता तर ती समोरच्याला धरून काहीतरी बोलली असती. ती उठली. दप्तर पाठीला लावलं. ग्लासाशेजारी ठेवलेली बाटली उचलली. दाराशी जाऊन वळली आणि बापाला नाही, त्यांना विचारलं, "जाऊ?"

तोच आवाज होता. सात वर्षांनी थोडा जाड झालेला, पण तोच.

"जा," वैजनाथराव म्हणाले.

त्या संध्याकाळी सव्वासहाला त्यांनी कपाट बंद केलं, डबा पिशवीत घातला, चष्मा खिशात ठेवला आणि अंगठ्यानं गटावर स्टिकर टाकलं. जिना उतरताना त्यांना कळलं की आपण काय टाकलंय. पुसता आलं असतं. तोवर खाली सात जणांचे हसरे चेहरे येऊन पडले होते. ते तसंच राहिलं.

शुक्रवारी दप्तराचा व्हिडिओ आला नाही. त्याऐवजी आला तो असा: 'पिलू आमची तक्रार घेऊन सरकारी ऑफिसात गेली!!' सोनिया रडत होती. शिवराज म्हणत होता, "कुठं तरी आमचंच चुकलं असंल मंडळी, तुम्हीच सांगा." पिलू मध्ये बसलेली. "मी चुकले. मला मम्मी-पप्पांशी बोलायला पाहिजे होतं," ती म्हणाली. पहिल्या वाक्याला तिच्या मागच्या खिडकीत ऊन होतं, दुसऱ्या वाक्याला नव्हतं. रोज बघणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ कळतो. दोन्ही वाक्यांच्या मध्ये निदान दोन तास गेले होते.

मग कचेरी आली. शिवराजनं सभ्यपणानं वैजनाथरावांचा चेहरा पुसट केला होता. हात पुसट केला नव्हता. टेबलाच्या काचेवर टेकलेला उजवा हात, बोटात सरोजिनीनं करून दिलेली पोवळ्याची अंगठी, पलीकडं पाण्याचा ग्लास. खाली लोकांनी लिहिलं होतं: 'असे काका प्रत्येक ऑफिसात हवेत.' 'देवमाणूस.' आणि हजारो वेळा, वेगवेगळ्या लोकांनी, 'जाऊ?'

वैजनाथराव पोळीचा घास हातात धरून बघत राहिले. त्यांना वाईट वाटलं नाही. वाटायला हवं, हे कळत होतं. ते वाट बघत होते. त्यांनी व्हिडिओ मागं नेऊन पुन्हा लावला. हात आला, अंगठी आली. आपला हात आपल्याला बाहेरून दिसतोय, एवढंच वाटलं. तो हात त्या दिवशी गार होता की गरम, काचेवर का टेकवला होता, काही आठवेना. घास खाऊन संपला. ताट घासून झालं. तरी काही आलं नाही.

सोमवारी कचेरीत सगळ्यांनी पेढे मागितले. साहेब फेमस झाले म्हणून. धोंडिबानं तेवढे मागितले नाहीत. अकराचा चहा ठेवताना म्हणाला, "त्या पोरीनं पाणी पिलंच नव्हतं साहेब. भरलेला गिलास मीच मोरीत ओतला."

वैजनाथरावांनी टेबलाच्या काचेकडं पाहिलं. अर्ज तिथंच होता. शिवराज घाईत तो न्यायचा विसरला होता, आणि आपण तो त्याला द्यायचा विसरलो होतो. एकतीस वर्षांत फोनवर मिटलेल्या प्रत्येक प्रकरणाचा कागद माणूस घेऊन गेला होता. हा पहिलाच मागं राहिलेला.

त्यांनी काच उचलली. कागद बाहेर काढला, आवकची वही ओढली आणि लिहिलं. आवक क्रमांक अकराशे सत्तेचाळीस. अर्जदार: कु. प्रेरणा. विषय: एक व्हिडिओ काढून टाकण्याबाबत. तारीख आजची. मग कोरा कागद घेऊन टिपणी लिहायला बसले. अर्जदार गेल्या मंगळवारी स्वतः हजर झाली होती. अर्ज त्याच दिवशी नोंदवणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. अर्जदाराला न विचारता मी तिच्या वडिलांना फोन केला. अर्ज वडिलांच्या विरुद्ध आहे, हे मला माहीत होतं. त्यानंतर प्रसारित झालेल्या व्हिडिओत जो हात दिसतो तो माझा आहे.

करुणा मॅडम त्यांच्या वरिष्ठ, वयानं अमेयपेक्षाही लहान. त्यांनी टिपणी दोनदा वाचली. दार लोटून घेतलं.

"टाकळकर काका, हे तुम्ही स्वतःविरुद्ध लिहिलंय."

"होय."

"सात महिने राहिलेत तुमचे. फोनचं वाक्य काढा. नुसता अर्ज पाठवू."

"फोनचं वाक्य काढलं तर पोरगी खोटी पडती मॅडम. व्हिडिओत ती 'मी चुकले' म्हणालीय, आणि चूक माझी होती."

मॅडमनी टिपणी पुन्हा हातात घेतली. "आणि हे बसतं कशात? सिनेमावाल्यांना नियम लावता येतो. आईबापानं घरात केलेलं शूटिंग म्हणजे काम, हे आपण कुठल्या कलमाखाली म्हणायचं?"

"मला माहीत नाही. वर विचारा."

"वरून सहा महिने उत्तर येणार नाही."

"तोवर नंबर राहील," वैजनाथराव म्हणाले.

मॅडमनी सही केली. एक प्रत बालकल्याण समितीला, एक वर. वैजनाथरावांनी पोहोच फाडली, शिक्का मारला आणि मग पत्त्याच्या रकान्यापाशी थांबले. टपालानं पाठवली तर ती पुंडलिकनगरच्या त्या फाटकातून आत जाणार, आणि दारात शिवराज ती कॅमेऱ्यासमोर उघडणार. त्यांनी पोहोच खिशात घातली आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली. शाळा कुठली, तिच्या फाटकाचा रंग कुठला, व्हॅन कुठं उभी राहते, हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. त्याची मात्र त्यांना तेव्हा लाज वाटली. इतक्या दिवसांत त्यांना काही वाटलं ते हे पहिलंच.

शाळा सुटली. पोरांचा लोंढा बाहेर आला, आणि लोंढ्यातून एका सुरात आवाज आला: "जा...ऊ?" मग हसणं. प्रेरणा त्यांच्यामधून चालत आली. मान खाली नाही, वर नाही. वैजनाथराव दिसल्यावर ती थांबली. आधी तिनं त्यांच्या हातांकडं पाहिलं, मग त्यांच्या पाठीमागं, मग रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानाकडं, तिथं उभ्या गाडीच्या काचेकडं.

"शूटिंग कुठून चाललंय?" तिनं विचारलं.

"कुठूनच नाही. मी एकटाच आलोय."

"पप्पांना फोन केलाय?"

"नाही केला."

तिनं मान हलवली. विश्वास बसला असं नाही, ऐकलं, एवढंच. वैजनाथरावांनी रस्त्यात म्हणायला काही वाक्यं तयार केली होती. मी चुकलो, हे त्यातलं पहिलं. पण ते वाक्य त्यांनी शुक्रवारीच तिच्या तोंडून, उन्हात ऐकलं होतं. ते म्हणवेना. त्यांनी नुसती पोहोच पुढं केली.

तिनं ती दोन्ही हातांनी धरली. शिक्का पाहिला, सही पाहिली, तारीख पाहिली. "मी मंगळवारी दिला होता," ती म्हणाली.

"तसं लिहिलंय आत. तू मंगळवारी आली होतीस, मीच नोंदवला नाही, असं."

"तुमच्या सहीनं?"

"माझ्या सहीनं."

"मग आता व्हिडिओ निघंल?"

"माहीत नाही गं. निघंल असं मी म्हणणार नाही. पण आता कुणाला तरी उत्तर द्यावं लागंल."

व्हॅनवाल्यानं हॉर्न वाजवला. तिनं पोहोच दप्तरात ठेवली नाही. डोळ्यांजवळ धरून तिचे ओठ हलायला लागले. एकदा, दोनदा, तीनदा. मग तिनं डोळे मिटले आणि पुन्हा एकदा ओठ हलवले. डोळे उघडून पडताळून पाहिलं. आणि पोहोच त्यांच्या हातात परत दिली.

"ठेव की. तुझीच आहे."

"घरी नाही ठेवता येत. दप्तर शुक्रवारी उघडतात. कपाट रविवारी दाखवतात. उशीखाली मम्मी सकाळी बघते, मी उठताना शूटिंग घेतात तेव्हा." तिनं आणखी एखादी जागा आठवून पाहिली. "नाही, कुठंच नाही. तुमच्याकडंच राहू द्या. नंबर पाठ झालाय."

वैजनाथराव पोहोच धरून उभे राहिले. आता ती बाटली सावरेल, वळेल आणि विचारेल, असं त्यांना वाटलं. या वेळी 'जा' म्हणायचं नाही, हे त्यांनी ठरवलेलं होतं. इतके दिवस त्यांच्या आत जे काही आलं नव्हतं ते आता आलं होतं, आणि ते उत्तर म्हणूनच बाहेर पडलं असतं.

तिनं बाटली सावरली, वळली आणि काही न विचारता व्हॅनकडं चालायला लागली. चालता चालता तिचे ओठ हलत होते. अकराशे सत्तेचाळीस.